पाणी कुठवर आले होते?

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी ह्यूस्टनला गेले होते. अमेरिका पाहायला गेले होते असे चारचौघांत सांगते. पण खरे म्हणजे सहा आठवड्यांतले बहुतेक रविवार मी दुसऱ्यांची स्वयंपाकघरे पाहण्यात घालवले. थोरल्या बहिणीचा मुलगा तिथे इंजिनिअर आहे. लग्नाला दोन वर्षे झालेली, भाड्याच्या घराचा कंटाळा आलेला, तेव्हा आता स्वतःचे घर घ्यायचे असा नवरा-बायकोने बेत केला होता. मावशी आयती आलेली आहे, तिचाही सल्ला घ्यावा, असे म्हणून ती दोघे मला प्रत्येक ठिकाणी बरोबर नेत.

तिसऱ्या रविवारी पाहिलेले घर शहराच्या पश्चिमेला होते. त्या बाजूला मराठी कुटुंबेही बरीच आहेत. घर पाहून मीसुद्धा हरखले. स्वयंपाकाचा ओटा एवढा ऐसपैस की आमच्या पुण्याच्या घरातले चार ओटे त्यात मावावेत. मागे हिरवळ, तिच्यापलीकडे दाट झाडी. भाचेसुनेने तर देवघराचा कोनाडाही मनात नक्की करून टाकला. घर दाखवणाऱ्या बाई हसतमुख होत्या, आणि आजूबाजूच्या मानाने किंमत थोडी कमीच होती. मी सहज विचारले, "इथे पाण्याचं कसं आहे?"

भाचा हसला. "मावशी, इथे पाणी चोवीस तास असतं!"

"अरे, नळाचं नव्हे. पुराचं. कुठवर आलं होतं?"

हा प्रश्न माझा नाही, माझ्या आजीचा आहे. माझे आजोळ पुण्याच्या नारायण पेठेतले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा माझी आई दहा वर्षांची होती. पाणी ओसरल्यावर आजीने वाड्याच्या भिंतीवर, चिखलाचा डाग जिथवर उमटला होता तिथे, तांबड्या तैलरंगाची आडवी रेघ ओढून घेतली. पुढे भिंतीला किती वेळा चुना लागला, पण रेघ पुसू दिली नाही. लहानपणी मी टाचा उंचावून हात वर केला तरी रेघेपर्यंत पोचत नसे. पुढे कुणाचे घर पाहायला जायचे झाले की आजीचा पहिला प्रश्न ठरलेला. घरमालक कोण, भाडे किती, ते सारे मागाहून. नंतर वाडा पडला, तिथे चार मजली इमारत झाली. रेघही गेली. आता तळमजल्यावर दुकाने आहेत, आणि पाणी कुठवर आले होते हे त्या दुकानदारांपैकी कुणालाही ठाऊक नाही. मी मुद्दाम विचारून पाहिले आहे.

असो. त्या बाईंनी हसू आवरते घेतले आणि फायलीतून एक कागद काढला. टेक्सास राज्यात २०१९ सालापासून असा कायदा आहे की घरात पूर्वी पाणी शिरले असेल, किंवा घर पूरक्षेत्रात अथवा जलाशयाच्या पाणलोटात येत असेल, तर विकणाऱ्याने ते लिहून दिले पाहिजे. या कागदावर दोन्ही रकान्यांत खूण होती. २०१७ साली त्या सुंदर ओट्याच्याही वर पाणी चढले होते. आताचा ओटा नवा, भिंतींची पानेही नवी. घर इतके चकचकीत का, त्याचे कारण हेच.

भाचेसुनेचा चेहरा उतरला. भाचा मात्र हिशेबी. परतताना गाडीत म्हणाला, "मावशी, ते वादळ शेकडो वर्षांतून एखादं येणारं होतं. ते येऊन गेलं. आणि हरिकेन म्हणजे समुद्रकाठचं प्रकरण. आपण इथून समुद्रापासून केवढे लांब!"

त्याचे म्हणणे वरवर पाहता चुकीचे नव्हते. त्याच्या शहराचे सारे वैभव या एका वाक्यावरच उभे राहिलेले आहे. पण ती हकीकत नीट सांगायची तर दीडशे वर्षे मागे, त्याच समुद्रकाठी गेले पाहिजे.

आपण ज्याला चक्रीवादळ म्हणतो त्यालाच तिकडे हरिकेन म्हणतात. शब्द मूळचा कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचा, स्पॅनिश खलाशांच्या तोंडून इंग्रजीत आलेला. मेक्सिकोच्या आखातात अशी वादळे जून ते नोव्हेंबर या काळात येतात. नाव वाऱ्याचे, वर्गवारीही वाऱ्याच्या वेगावरून. पण बहुतेक माणसे मरतात ती पाण्याने. वारा समुद्राला किनाऱ्यावर ढकलतो, आणि किनाऱ्यापाशी समुद्र उथळ असेल तर त्या पाण्याला खाली दबायला जागा नसते. ते वर चढते आणि जमिनीवर चालून येते. टेक्सासचा किनारा नेमका असा आहे. उथळ समुद्र, सपाट जमीन, आणि किनाऱ्याला समांतर वाळूची लांबच लांब बेटे.

या किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकात इंडियानोला नावाचे एक भरभराटीचे बंदर होते. जर्मनीहून येणारे वसाहतवाले तिथे उतरत. वस्ती पाच हजारांच्या घरात. सप्टेंबर १८७५ मध्ये वादळ आले तेव्हा गावात एका गाजलेल्या खुनाच्या खटल्यासाठी बाहेरगावचीही माणसे गोळा झालेली होती. पाणी गावावरून गेले, आणि ओसरताना खाडीकडून समुद्राकडे असे काही परतले की येताना उभी राहिलेली घरे जाताना वाहून गेली. दीडशे ते तीनशे माणसे दगावली. बरीच मंडळी तेव्हाच गाव सोडून गेली. उरलेल्यांनी हिंमत धरून पुन्हा घरे बांधली. अकरा वर्षांनी, ऑगस्ट १८८६ मध्ये, दुसरे वादळ आले. या वेळी पुरात भर म्हणून आगही लागली. हवामान कचेरीची इमारत कोसळून आतला दिवा उलटला होता. मग मात्र लोकांनी तर्क केला नाही. जिल्ह्याची कचेरी दुसऱ्या गावी हलली, पोस्ट बंद झाले. काही घरे मोडून, लाकडे आणि दारे-खिडक्या घेऊन, माणसे आतल्या भागातल्या गावांत राहायला गेली. आज त्या बंदरातल्या न्यायालयाचे जोते खाडीच्या पाण्यात बुडालेले आहे.

इंडियानोलाचा धडा तिथून सव्वाशे मैलांवरच्या गॅल्व्हेस्टनने ऐकला होता, हे विशेष. गॅल्व्हेस्टन म्हणजे वाळूच्या बेटावरचे शहर, कापसाच्या निर्यातीचे मोठे बंदर, टेक्सासचे भूषण. १८८६ नंतर तिथल्या व्यापाऱ्यांनी समुद्राला भिंत घालायचा ठराव केला, राज्य सरकारने परवानगी दिली. मग पैशाचा प्रश्न आला, एक हंगाम कोरडा गेला, दुसरा गेला, आणि ठराव ठरावाच्या जागी राहिला. १८९१ साली तिथल्या हवामान कचेरीचे प्रमुख आयझॅक क्लाइन यांनी स्थानिक वर्तमानपत्रात लेख लिहून लोकांना धीर दिला. त्यांचे म्हणणे असे की इथला समुद्र उथळ आहे आणि बेटामागची मुख्य भूमी सखल आहे, तेव्हा चढलेले पाणी मागे पसरून जाईल आणि शहराला मोठी इजा होणार नाही. क्लाइन हे अभ्यासू आणि कामसू गृहस्थ होते. उथळ समुद्र नेमका उलटा परिणाम करतो, हे त्यांना तेव्हा उमगले नाही. पण ज्या लोकांना भिंतीचा खर्च नको होता त्यांना शास्त्राचा आधार मिळाला, आणि सगळे निवांत झोपले.

८ सप्टेंबर १९०० चा शनिवार. सकाळी लोक लाटा पाहायला किनाऱ्यावर जमले होते. रस्त्यांत शिरलेल्या पाण्यात मुले खेळत होती. बेटावरची सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून नऊ फुटांच्याही आत, आणि त्या संध्याकाळी समुद्र पंधरा फुटांहून वर चढला. हवामान कचेरीचे वायुमापक यंत्र ताशी १०० मैलांचा झोत नोंदवून उडून गेले. क्लाइन यांचे घर भक्कम म्हणून सुमारे पन्नास शेजारी तिथे आश्रयाला आले होते. ते घर वाऱ्याला दाद देत नव्हते. पण ट्रामच्या पुलाचा एक लांबलचक सांगाडा पाण्याबरोबर वाहत येऊन त्याच्यावर आदळत राहिला आणि घर उलथले. क्लाइन यांची गरोदर पत्नी त्यात गेली. किनाऱ्यावरच्या अनाथाश्रमात दहा जोगिणींनी ९३ मुलांना कपडे वाळत घालायच्या दोरीने आपल्या कमरेशी बांधून घेतले होते, कुणी सुटून जाऊ नये म्हणून. तिघे मुलगे तेवढे वाचले. ३८ हजार वस्तीच्या त्या शहरात एका रात्रीत सहा ते आठ हजार माणसे मेली असे मानतात. अमेरिकेत नैसर्गिक आपत्तीने एवढी माणसे त्यापूर्वी कधी मेली नव्हती आणि त्यानंतरही मेलेली नाहीत.

मला त्या रात्रीतली एक गोष्ट फार बोलकी वाटते. बेटाच्या मधोमध ब्रॉडवे नावाचा रस्ता आहे. तो किंचित उंचवट्यावरून जातो, आणि धनिकांचे दगडी वाडे त्याच रस्त्यावर होते. त्यांतले बहुतेक टिकले, आणि त्या वाड्यांनी शेकडो माणसांना आसरा दिला. म्हणजे गावातली बरी जागा कुठली, हे कुणालाच ठाऊक नव्हते असे नव्हे. किनाऱ्याजवळची लाकडी घरे सरसकट गेली. त्यांच्या ढिगाऱ्याचा बांध झाला, आणि त्या बांधाने उरलेले शहर वाचवले.

यानंतर इंडियानोलाच्या वाटेने जाणे सोपे होते. गॅल्व्हेस्टन गेले नाही. त्याने केलेले काम ऐकून कुणालाही थापच वाटेल. १९०२ ते १९०४ या काळात तीन मैलांहून लांब आणि सतरा फूट उंच अशी काँक्रीटची भिंत उभी राहिली. योजना आखणाऱ्या तीन इंजिनिअरांत हेन्री रॉबर्ट होते. सभा कशी चालवावी याचे नियम सांगणारे प्रसिद्ध पुस्तक याच रॉबर्टांचे. (आमच्या कॉलेजातल्या सभा पाहिल्यावर मला वाटते की त्यांना समुद्र आवरणे सोपे गेले असावे.) भिंत झाल्यावर तिच्यामागचे शहरच उचलायला घेतले. दोन हजारांहून अधिक इमारती जॅक लावून, हाताने स्क्रू फिरवून, इंच इंच वर चढवल्या आणि खाली समुद्रातून उपसलेली वाळू पाण्याबरोबर भरली. तीन हजार टनांचे एक चर्च सातशे जॅकांवर पाच फूट उचलले. वाळूचा खर्च शहराने करायचा, पण आपले घर उचलण्याचा खर्च ज्याचा त्याने. सात-आठ वर्षे लोक फळ्यांच्या उंच पुलांवरून बाजारहाट करीत होते, आणि खाली सगळीकडे खारट, घाण वासाचा रेंदा. झाडे मेली. दफनभूमीत जुन्या कबरींवर भर पडून वर नव्या कबरी आल्या. १९११ पर्यंत पाचशे चौकांची जमीन उंच झाली होती.

१९१५ मध्ये जवळपास तेवढ्याच ताकदीचे वादळ आले. भिंत उभी राहिली. शहरातले बळी हजारांवरून मोजक्यांवर आले.

एवढे सगळे करूनही व्यापार परतला नाही. भिंतीने माणसे वाचवली, बंदराचा मान वाचवला नाही. १९०१ साली टेक्सासात तेलाचा प्रचंड झरा लागला, आणि आपली बोट वादळात सापडू नये असे वाटणाऱ्या भांडवलाने पन्नास मैल आत असलेले ह्यूस्टन पसंत केले. तिथल्या ओढ्यासारख्या नदीचे पात्र खोल करून १९१४ मध्ये मोठ्या जहाजांचा कालवा सुरू झाला. 'समुद्रापासून लांब' हीच ह्यूस्टनची जाहिरात होती. भाच्याने गाडीत म्हटलेले वाक्य शंभर वर्षे जुने होते, ते असे.

पुढच्या रविवारी मी हट्ट करून त्या दोघांना गॅल्व्हेस्टनला नेले. भिंत आता दहा मैल लांब आहे आणि तिच्यावर लोक सायकली चालवतात. जुन्या वस्तीत कितीतरी लाकडी घरांच्या दाराशी एक लहानशी पाटी दिसते: हे घर १९०० च्या वादळात टिकले. मला एकदम आजीची रेघ आठवली. पण त्याच ब्रॉडवेवर झाडांच्या खोडांतून कोरलेले पक्षी आणि प्राणीही दिसले. सप्टेंबर २००८ मध्ये आइक वादळ आले तेव्हा पाणी भिंतीवरून आलेच नाही. ते मागच्या खाडीकडून आले. पुढचे दार बंद केलेल्या घरात मागच्या दाराने शिरावे तसे. खाऱ्या पाण्याने हजारो झाडे वाळली आणि लोकांनी त्यांच्या बुंध्यांची शिल्पे केली. समोरच्या बोलिव्हर द्वीपकल्पावर तर एक आख्खी वस्ती पुसली गेली आणि मध्ये एकच पिवळे घर उभे राहिले. त्याच्या मालकांचे आधीचे घर २००५ च्या रिटा वादळात गेले होते, म्हणून त्यांनी नवे घर उंच खांबांवर बांधले होते. ते छायाचित्र जगभर गाजले. भाचेसून ते फोनवर पाहत म्हणाली, "मावशी, पण शेजार कुठाय?"

आता भाच्याच्या दुसऱ्या मुद्द्याकडे वळू. ऑगस्ट २०१७ मधले हार्वे वादळ ह्यूस्टनपासून दूर, रॉकपोर्टपाशी किनाऱ्याला लागले. पण ते पुढे जाईना. चार दिवस तिथल्या तिथे घुटमळत राहिले आणि पाऊस ओतत राहिले. ह्यूस्टनच्या पूर्वेला एका ठिकाणी ६० इंचांहून जास्त पाऊस नोंदला गेला. टेक्सासमध्ये थेट त्या वादळाने किमान ६८ माणसे मेली आणि त्यांतली तीन सोडता बाकी सर्व पावसाच्या, गोड्या पाण्याच्या पुरात. समुद्राच्या पाण्याने एकही नाही. समुद्रापासून लांब राहिलेल्या शहराला आभाळाने गाठले.

शहराच्या पश्चिमेला अ‍ॅडिक्स आणि बार्कर असे दोन जलाशय आहेत. १९२९ आणि १९३५ च्या पुरांनंतर ते १९४० च्या दशकात बांधले. एरवी ते कोरडे असतात. तिथे झाडी आणि क्रीडांगणे आहेत. पाणी अगदी तुडुंब भरले तर जेवढ्या जमिनीवर पसरेल तेवढी सगळी जमीन सरकारने मुळात घेतलीच नाही. उरलेल्या जमिनीवर पुढे वसाहती झाल्या. पाऊणशे वर्षांत पाणी तिथवर आले नव्हते, मग कोण विचारतो? काही वसाहतींच्या नकाशांवर कोपऱ्यात बारीक अक्षरांत टीप होती की ही जमीन पाण्याखाली येऊ शकते. घर घेणाऱ्याच्या हाती तो नकाशा पडत नसे. २०१७ मध्ये अशी हजारो घरे जलाशयाच्या पोटात सापडली. घरमालक न्यायालयात गेले, आणि २०१९ मध्ये निकाल लागला की याला सरकार जबाबदार आहे. आम्ही पाहिलेले घर याच जमिनीवरचे होते. मागची ती सुंदर दाट झाडी म्हणजे जलाशयच!

शंभर वर्षांतून एकदा, या शब्दांचाही घोळ आहे. त्याचा अर्थ एकदा येऊन गेला की शंभर वर्षे सुटका, असा नाही. दर वर्षी शंभरात एक एवढी शक्यता, असा आहे. भाच्याचे गृहकर्ज ३० वर्षांचे. त्यानेच गणित मांडले तेव्हा तेवढ्या मुदतीत पाणी येण्याची शक्यता शंभरात सव्वीस निघाली. आणि नकाशावर पूरक्षेत्राबाहेर म्हणून दाखवलेले घर निर्धास्त म्हणावे, तर ह्यूस्टन परिसरात हार्वेने बुडवलेल्या घरांपैकी निम्म्याहून अधिक त्या रेषेबाहेरचीच होती. आणखी एक गोष्ट आमच्या मंडळींना ठाऊक नसते. तिथल्या घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरलेला नसतो. तो विमा वेगळा घ्यावा लागतो, आणि सरकारी योजनेत घेतल्यापासून साधारण ३० दिवसांनी लागू होतो. आखातात वादळ दिसल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

वादळ आले की पळून जाऊ, असेही काहीजण म्हणतात. २००५ मध्ये, कॅट्रिनाने न्यू ऑर्लिन्स बुडवल्यावर तीनच आठवड्यांनी रिटा येऊ लागले, तेव्हा या भागातून वीस लाखांहून अधिक माणसे एकाच वेळी रस्त्यावर आली. त्या कोंडीत आणि उन्हात जी माणसे गेली त्यांची संख्या शंभराच्या आसपास भरते; वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांची एक बस तर वाटेत पेटली. समुद्रकाठच्या माणसाने निघायलाच हवे, आणि सांगितल्याबरोबर. पण जो उंच जागी, बऱ्या बांधणीच्या घरात आहे त्याने वाऱ्यापुरते घरातच थांबावे आणि रस्ता किनाऱ्यावरच्यांना मोकळा ठेवावा, हेच तिथले जाणकार सांगतात. मात्र घरात थांबायचे तर तयारी हवी. जुलै २०२४ मध्ये बेरिल आले, ते काही फार मोठे वादळ नव्हते. तरी त्या परिसरात वीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली आणि ऐन उन्हाळ्यात कित्येकांना ती बरेच दिवस मिळाली नाही. माणशी रोज चार लिटर पाणी, शिजवावे न लागणारे खाणे, औषधे, बॅटरी आणि कागदपत्रांची पिशवी. पाचव्या इयत्तेतल्या मुलालाही पाठ होईल एवढी ही यादी आहे, आणि तरी दर वर्षी दुकानांपुढे रांगा लागतात त्या वादळाच्या आदल्या दिवशीच.

एका प्रश्नाचे उत्तर मात्र मला अजून देता आलेले नाही. गॅल्व्हेस्टनमध्ये भाच्याने विचारले होते, "मावशी, मग सगळ्यांनी उंचावरच राहायचं म्हटलं तर उंचावरची घरं परवडणार कुणाला?" १९०० साली ब्रॉडवेवर कोण राहत होते आणि किनाऱ्यालगतच्या लाकडी घरांत कोण, हे आम्ही नुकतेच पाहून आलो होतो. पुण्यातही नदीकाठी आज कोण राहते, हे वाचकांना सांगायला नको.

पुढच्या दोन रविवारी आम्ही रीत बदलली. आधी घरात शिरायचे नाही. गल्लीतून पायी एक फेरी मारायची, कुणी म्हातारे माणूस बागेत पाणी घालताना दिसले की नमस्कार करून विचारायचे. पहिल्या दिवशी भाचा संकोचत होता. पण लोक आनंदाने सांगत. कुणी गुडघ्याला हात लावून दाखवी, कुणी छातीला. एका आजींनी आम्हांला गॅरेजमध्ये नेऊन, रंगाच्या डब्यांमागे पेन्सिलीने ओढलेली रेघ दाखवली आणि शेजारची तारीख वाचून दाखवली. शेवटी एका जुन्या गल्लीत एक निवृत्त पोस्टमन भेटले. ते म्हणाले, हार्वेत पाणी रस्त्यावरच्या पत्रपेटीच्या खांबापर्यंत आले, हिरवळीवर चढले नाही. आणि ती पत्रपेटी त्यांनी स्वतः बसवलेली होती.

समोरचे घर विकायला होते. १९७० च्या सुमाराचे, जमिनीपासून दोन पायऱ्या उंच, खिडक्या लहान. भाच्याचे ऑफिस तिथून पाऊण तास. मी परत आल्यावर महिन्याभराने त्याने तेच घेतले. पुराचा विमाही पहिल्याच दिवशी काढला, असे त्याने फोनवर सांगितले. ओटा फार अरुंद आहे, दोन माणसे उभी राहत नाहीत, अशी भाचेसुनेची तक्रार अजून चालू आहे.